होर्ताची मरीना आणि पीटर कॅफे स्पोर्ट : पाहुण्यांना बोलवावे का?

अटलांटिक ओलांडून युरोपकडे निघालेल्या शिडाच्या बोटी पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातल्या फायाल बेटावर, होर्ता या गावी हमखास थांबतात. त्यामुळे इथल्या मरीनाविषयी, म्हणजे अशा बोटी लावायच्या छोट्या बंदराविषयी, जे वाचायला मिळते ते बहुधा डिझेल, पाणी, फाटलेली शिडे आणि दुरुस्ती यांच्यापुरतेच असते. आम्ही उभयतांनी मात्र इथला मुक्काम मुद्दाम लांबवला होता, कारण आमचे जुने स्नेही, एक जोडपे, विमानाने येऊन काही दिवस आमच्यासोबत राहणार होते. बोटीवर संसार करणाऱ्यांनी आप्तेष्टांना भेटीसाठी बोलवावे अशी ही जागा आहे का, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे. माझे उत्तर होकारार्थी आहे. फक्त हे ध्यानात ठेवावे की गावाची सगळी घडी समुद्रावरून येणाऱ्यांसाठी बसलेली आहे आणि विमानातून उतरणाऱ्यांना थोडे जुळवून घ्यावे लागते.

मरीना १९८६ साली सुरू झाली. कस्टम्स, इमिग्रेशन आणि मरीनाचे कार्यालय बोट पहिल्यांदा लावतात त्या धक्क्याजवळच असल्यामुळे, बर्म्युडाहून सुमारे १८०० सागरी मैल कापून आलेल्या, झोपेला पारख्या झालेल्या माणसाला कागदपत्रे घेऊन गावभर हिंडावे लागत नाही. मे ते जुलै या काळात कॅरिबियनकडून येणाऱ्या बोटींची रीघ लागते आणि जागा अपुरी पडते. मग धक्क्याला एक बोट, तिला खेटून दुसरी, तिला तिसरी अशा बोटी बांधल्या जातात. बाहेरच्या बोटीवरच्या माणसाने किनाऱ्यावर जाताना शेजाऱ्याच्या कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेतून, न जाता नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, डोलकाठीच्या पुढून ओलांडून जायचे, रात्री उशीर झाला तर बूट हातात घ्यायचे, हा सर्वमान्य शिष्टाचार आहे. खलाशांना त्याचे काही वाटत नाही, पण चाकांची टणक सूटकेस घेऊन आलेल्या पाहुण्याची इथे खरोखरच परीक्षा होते. पाहुण्यांना मऊ कापडी पिशव्या आणायला आधीच सांगावे आणि गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांसाठी गावात खोली घ्यावी. गाव चालत फिरण्याएवढे लहान आहे, त्यामुळे खोली घेतली म्हणून भेटीगाठी कमी होत नाहीत.

होर्ताच्या लहानशा विमानतळावर लिस्बनहून आणि शेजारच्या बेटांवरून विमाने येतात, पण ढग आणि वारा यांच्यापुढे वेळापत्रकाचे फारसे चालत नाही. पाहुण्याला तारीख सांगावी किंवा ठिकाण सांगावे, दोन्ही सांगू नये, असे बोटीवरची माणसे म्हणतात. होर्तामध्ये ठिकाण तरी नक्की असते. परतीच्या प्रवासात लिस्बनचे पुढचे विमान त्याच दिवशीचे घेऊ नये, एक रात्र हाताशी ठेवावी. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, आणि १८० दिवसांत ९० दिवसच राहण्याची मर्यादा बोटीवरच्या माणसांनाही सुटत नाही, म्हणून मुक्काम लांबवण्यापूर्वी हा हिशेब मांडलेला बरा.

मरीनासमोरच्या पीटर कॅफे स्पोर्टचे मोल मला पाहुणे आल्यावर अधिक कळले. १९१८ साली सुरू झालेले हे कॅफे एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवले आहे. त्याची ख्याती जिन-टॉनिकमुळे आहे तशीच खलाशांच्या नावे आलेली पत्रे, ते येईपर्यंत, सांभाळून ठेवण्यामुळेही आहे. तसे पाहता निरोप पोहोचवणे हा या गावाचा जुनाच व्यवसाय. १८९३ साली समुद्राखालून टाकलेली तारायंत्राची पहिली तार इथे पोहोचली आणि पुढे ब्रिटिश, अमेरिकन व जर्मन कंपन्यांची तारकेंद्रे इथे नांदली. आता उपग्रहावरचे इंटरनेट बोटीतच असते, मग कॅफेत बसून खुशाली ऐकण्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज आहे, कारण घरची माणसे समुद्रावर असलेल्यांना अर्धीच बातमी कळवतात. भाचीचे लग्न ठरले, हे आम्हाला भर समुद्रातच कळले होते. मावशी न्हाणीघरात घसरल्या, त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि आता त्या काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, हे मात्र आमच्या स्नेह्यांनी याच कॅफेतल्या टेबलावर सांगितले. ‘तुम्ही तिकडे पाण्यात, उगाच जिवाला घोर कशाला,’ असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते म्हणे. राग आला, आणि तो गिळताही आला, कारण सांगणारा माणूस समोर बसलेला होता. अशा बोलण्यासाठी सकाळची वेळ धरावी. संध्याकाळी तिथे गर्दी असते आणि आवाज चढवून कौटुंबिक गोष्टी बोलणे बरे वाटत नाही. वरच्या मजल्यावर स्पर्म व्हेलच्या दातांवर कोरलेल्या चित्रांचे संग्रहालय आहे. पोरवयाचे पाहुणे असतील तर तेवढ्या वेळात त्यांना तिकडे पाठवता येते.

फिरण्याबाबत थोडक्यात सांगते. बेटाच्या पश्चिम टोकाला कपेलिन्योशचा ज्वालामुखी सप्टेंबर १९५७ पासून तेरा महिने धुमसत होता. राखेत अर्धे गाडलेले तिथले दीपगृह आणि जमिनीखाली बांधलेले माहितीकेंद्र पाहण्यासाठी अर्धा दिवस पुरतो. त्या उद्रेकानंतर बेटावरची हजारो माणसे अमेरिकेला गेली, हे कळल्यावर आमच्या बैठकीत परदेशी स्थायिक झालेल्या नातेवाइकांचा विषय निघाला नसता तरच नवल. समोरच्या बेटावरील २३५१ मीटर उंचीच्या पिको पर्वताकडे जाणारी फेरी अर्ध्या तासात पोहोचते. गाडी भाड्याने घेणार असाल तर ठरलेली वेळ लेखी घ्या. आमची गाडी तोंडी कबुलीनंतर दुपारी उगवली.

मरीनाच्या बांधावर प्रत्येक बोटीने आपले चित्र काढावे, नाहीतर प्रवासात विघ्न येते, अशी इथली समजूत आहे. या कामात पाहुणे फार उपयोगी पडतात. काँक्रीटवरचे जुने पोपडे तारेच्या ब्रशने खरवडून, पांढऱ्या रंगाचा हात देऊन तो वाळेपर्यंत थांबावे लागते, आणि कोणाच्या अजून वाचता येणाऱ्या चित्रावर रंग फासायचा नसल्यामुळे रिकामा चौकोन शोधण्यातच सकाळ जाते. आमच्या स्नेह्यांनी बोटीच्या नावाखाली स्वतःची नावेही घातली, ती किंचित तिरकी आली आहेत.

ऑगस्टमध्ये इथे ‘सेमाना दो मार’ हा समुद्राचा उत्सव भरतो, तेव्हा संगीत, शर्यती आणि गर्दी यांनी धक्का भरून जातो. निवांत गप्पांसाठी येणाऱ्यांनी तो आठवडा टाळावा आणि मुलाबाळांसह येणाऱ्यांनी तोच धरावा. मात्र गावातली खोली त्याच्या पुष्कळ आधी राखून ठेवावी.