हेम्पला मायकोरायझा पावडर: पेरणी ते कापणी, चार महिन्यांचा अनुभव

धाग्यासाठी पेरलेल्या हेम्पला (भांगेच्या कुळातलं, खोडापासून धागा देणारं पीक) ही पावडर बियाण्याला चोळून वापरली. मधला एक पट्टा मुद्दाम कोरा, म्हणजे बिनपावडरीचा ठेवला होता, म्हणून बरं. नाहीतर पीक डोक्यावर गेलेलं बघून सगळं श्रेय पावडरीलाच दिलं असतं.

पहिला महिना काहीच दिसलं नाही. पावडरीतली मायकोरायझा ही जिवंत बुरशी मुळांत शिरते, तिचे तंतू मुळांच्या पल्याडचं स्फुरद (फॉस्फरस) ओढून आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. याला वेळ लागतो. दीड महिन्यानंतर हलक्या, स्फुरद कमी असलेल्या तुकड्यात फरक कळू लागला: पानं गडद, वाढ एकसारखी. पण वर्षानुवर्षं डीएपी हे स्फुरदाचं खत पडलेल्या तुकड्यात कोरा पट्टा कुठला ते मलाच खुंट्या बघून शोधावं लागलं. स्फुरद आयतं मिळत असेल तर झाड बुरशीला कशाला पोसेल? तेव्हा आधी माती परीक्षण, मग खरेदी.

एक चूक माझी. पहिल्या पोत्यातलं बी बुरशीनाशक लावलेलं होतं आणि त्यावर मी जिवंत बुरशी चोळली! पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही, ‘भरघोस उत्पादन’ मात्र ठळक अक्षरात.

सखल कोपऱ्यात तर पावडर पूर्ण वाया. पाणी साचलं, रोपं पिवळी पडून खुजी राहिली. उपटून पाहिलं तर सोटमूळ नांगराखालच्या कडक थरावर आपटून काटकोनात वळलेलं. हेम्पला साचलेलं पाणी आणि दबलेली माती अजिबात सोसत नाही.

खरं सांगायचं तर धाग्याचा फरक पेरणीनेच जास्त पडला. हेक्टरी 50-60 किलो बी, 2-3 सेंटीमीटर खोल, तिथे दाट, सरळ, बारीक खोडं मिळाली. जिथे पेर विरळ पडली तिथे झाडं जाडजूड, फांद्याळ. दिसायला झकास, धाग्याला कुचकामी. नत्राचा (नायट्रोजन खताचा) हात सैल सुटला तिथे पीक लोळलं ते वेगळंच. कापणी नर झाडं फुलात असताना उरकली, कारण पराग सांडला की ती वाळायला लागतात.

पाचपैकी तीन तारे. उरलेलं पाकीट सावलीत ठेवलंय, पुढच्या पेरणीला फक्त हलक्या तुकड्यासाठी. सखल कोपऱ्यात आधी चर खणायचाय.