अक्षरपेटी: लाकूड चोख, चित्रं घोटाळ्याची

नाशिकच्या रविवार कारंजा ते मेन रोड या पट्ट्यातल्या एका दुकानात मिळणारी ही लाकडी अक्षरपेटी, किंमत ६५० रुपये. वयोगट ४ ते ७. आत अक्षरांच्या चौकोनी सोंगट्या, पारदर्शक प्लॅस्टिकच्या मात्रा, खरखरीत कागदाची गिरवायची अक्षरं, चित्रकार्डं आणि एक वही. सोंगट्यांच्या कडा घासलेल्या आहेत, रंग पुसला जात नाही. एवढं सोडलं तर पेटी जशी येते तशी वर्गात नेऊ नका, विशेषतः अंबड-सातपूरकडच्या बालवाडीत, जिथे बऱ्याच पोरांच्या घरी हिंदी असते.

पहिला घोळ चित्रांचा. ‘स’च्या कार्डावर ससा. घरी खरगोश म्हणणारं मूल चित्र बघून ‘ख’ म्हणतं, आणि ते त्याच्या परीने बरोबरच असतं. ढगाचं बादल होतं, वांग्याचं बैंगन, गवताचं घास. म्हणून आधी कार्डांचे दोन गठ्ठे करा. घर, पतंग, मगर, नळ, कमळ, हत्ती यांचं पहिलं अक्षर दोन्ही भाषांत तेच, ती आधी. ससा-ढगाची कार्डं मागे ठेवा. तो शब्द गप्पांत, गाण्यांत तोंडी बसला की मगच अक्षर दाखवा. अहिराणी घरातलं मूल डोळ्याला ‘डोया’ म्हणतं आणि तसंच लिहितं. त्याला ऐकलेला आवाज लिहिता येतोय, तिथे लाल फुली मारायची नाही. ‘ळ’ ऐकवायचा, उच्चारून घ्यायचा, लिहिणं आपोआप सुधारतं.

सोबतची पुस्तिका क, ख, ग, घ अशी सरळ चालते. त्या क्रमाने मुलाला पहिला वाचण्याजोगा शब्द मिळायला फार दिवस जातात. त्याऐवजी क, म, न, ळ या चार अक्षरांच्या सोंगट्या आणि काने काढा: काका, मामा, नाना, काम, कान, नाक, मान, माळ, नळ, कमळ, काळा. पाच चिन्हांत अकरा शब्द! मग दुसरी वेलांटी आली की काकी, मामी, काळी, माळी. पुस्तिका सरळ कपाटात.

मात्रांची कल्पना छान आहे, पण पहिली वेलांटी इथेही छळते. मूल ‘दिवा’ म्हणताना आधी द ऐकतं, मग इ. म्हणून आधी द ठेवतं आणि वेलांटी त्याच्या उजवीकडे. ती जाऊन बसते ‘व’च्या डोक्यावर. उपाय साधा: द ठेवल्यावर त्याच्या डावीकडे एक बोट जागा सोडायला लावा आणि वेलांटी तिथे सरकवू द्या. चार-पाच दिवसांत हात वळतो. ‘र’चं मात्र काही करता येत नाही. त्याला उकार खाली लागत नाही, पोटात लागतो, त्यामुळे पारदर्शक उकार ‘र’खाली ठेवला की भलताच आकार दिसतो. ‘रु’ आणि ‘रू’ जाड पुठ्ठ्यावर स्वतः लिहून पेटीत टाका. ॲ आणि ऑ पेटीत नाहीतच. २००९च्या शासन निर्णयापासून ते वर्णमालेत आहेत आणि पोरांना पहिल्या दिवशी लिहायची असते बॅट. तेही पुठ्ठ्यावरच. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आलेत, पाठ्यपुस्तकातले वेगळे दिसतात. दोन्ही शेजारी ठेवून एकदा दाखवून टाका.

गिरवायच्या अक्षरांचा खरखरीतपणा बेताचा आहे, बोट सोलत नाही. पण बाणांचा क्रम चुकलाय: आधी शिरोरेघ, मग अक्षर. असं शिकलेलं मूल प्रत्येक अक्षराला सुटी टोपी घालतं, शब्दात फटी राहतात आणि ‘काम’ म्हणजे ‘का’ आणि ‘म’ असे दोन शब्द होतात. आधी सगळी अक्षरं, शेवटी पूर्ण शब्दावर एक रेघ. बाणांवर पांढरी पट्टी चिकटवा.

वही चौरेघी दिलीय, म्हणजे इंग्रजीची. इंग्रजी अक्षर रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला लोंबतं. दोन्ही लिप्या एकाच वर्षी शिकणाऱ्या मुलाचा मराठी ‘क’ त्या वहीत तिसऱ्या रेघेवर जाऊन बसतो आणि शिरोरेघ कुठे काढायची हेच त्याला कळत नाही. दुरेघी वही वेगळी घ्या आणि वरची रेघ पहिले काही दिवस रंगीत खडूने ठळक करून द्या.

एका पेटीवर चार मुलं, त्याहून जास्त बसवली की मात्रांवरून भांडणं. सुटे तुकडे दुकानात मिळत नाहीत. एक काना हरवला की पूर्ण संच घ्या म्हणतात, हे मात्र अति झालं. पैसे देण्याआधी गल्ल्यावरच पेटी उघडून काने मोजा. निदान चार हवेत, नाहीतर ‘काका’ आणि ‘मामा’ एका वेळी मांडता येणार नाहीत.