मुलाला आइस हॉकीत घालताय? हेल्मेटआधी लीग बघा

बहुतेक पालक आधी हेल्मेटच्या मागे लागतात. महागातलं घेतलं की डोक्याची काळजी मिटली, अशी समजूत. पण हेल्मेट कवटी फुटू देत नाही, एवढंच. धडकेत डोकं गर्रकन फिरून मेंदूला जो हिसका बसतो, म्हणजे कन्कशन, तो हेल्मेटला फारसा थोपवता येत नाही. म्हणून आधी ठरवायचं ते हे: अंगावर धडक मारायला, म्हणजे बॉडी चेकिंगला, परवानगी असलेली लीग की नसलेली?

कॅनडात याची तुलना आयतीच झाली. ११-१२ वर्षांच्या मुलांना अल्बर्टात चेकिंगची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्बर्टातल्या मुलांमध्ये कन्कशनचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. पुढे अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटातलं चेकिंग बंदच केलं.

‘लहानपणी धडक खायला शिकला तर पुढे सांभाळेल’ हा युक्तिवाद प्रशिक्षकही करतात. तो अगदीच पोकळ नाही. १३-१४ वर्षांच्या मुलांत, आधी चेकिंग खेळलेल्यांना आठवड्याहून जास्त घरी बसवणाऱ्या दुखापती कमी झाल्या. कन्कशन मात्र कमी झालं नाही. डोक्यासाठी विचारत असाल तर उत्तर तिथेच मिळतं.

चेकिंग नसलं तरी धोका शून्यावर येत नाही. मुलींच्या हॉकीत सहसा चेकिंग नसतं, तरी कन्कशन होतंच. बोर्डापासून, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीपासून, काही फुटांवर, मान खाली घालून पक (खेळातली चपटी रबरी चकती) शोधणारा खेळाडू सगळ्यात धोक्यात असतो: मागून धक्का लागला की डोकं थेट बोर्डावर, आणि मान वाकलेली असेल तर मणक्यालाही इजा. मान वर ठेवून, तिरकं बोर्डाकडे जायला पहिल्या महिन्यापासून शिकवतात का, हे विचारा.

हेल्मेटला पूर्ण चेहरा झाकणारी जाळी की डोळ्यांपुरता पारदर्शक अर्धा व्हायझर? जाळी. दात आणि चेहरा वाचतो, आणि कन्कशन वाढल्याचं दिसलेलं नाही. माउथगार्ड घालणाऱ्यांत कन्कशन कमी आढळलंय, तेही घ्या.

माझं मत: तेरापर्यंत चेकिंग नसलेलीच लीग. त्यानंतर मुलाला खरोखर वरच्या पातळीवर खेळायचं असेल तरच दुसरी, आणि तीही डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला त्या दिवशी पुन्हा बर्फावर उतरू न देणारी.