दादरहून घेतलेल्या अश्वगंधा कॅप्सूल, साडेतीन स्टार

दादर पश्चिमेला स्टेशनजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून घेतल्या, ६० ची डबी. आधी चांगलं सांगते, डबीवर सगळं नीट लिहिलंय, मुळाचा अर्क ३०० मिग्रॅ, विथॅनोलाइड्स (अश्वगंधातले मुख्य घटक) ५ टक्के. हे बघूनच घ्या प्लीज, कारण नुसतं अश्वगंधा ५०० मिग्रॅ लिहिलेलं असेल तर आत चूर्ण आहे की अर्क तेच कळत नाही आणि जे अभ्यास झालेत ते बहुतेक अर्कावरच.

त्यातला २०१२ चा आपल्याकडचाच एक सगळे सांगतात. स्ट्रेस असलेली ६४ माणसं, अर्ध्यांना ३०० मिग्रॅ अर्क दिवसातून दोनदा असे ६० दिवस आणि बाकीच्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. अश्वगंधावाल्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन, साधारण २८ टक्क्यांनी उतरलं, दुसऱ्यांचं ८ च्या आसपास. मला खरंच वाटतं यात तथ्य आहे, पण ६४ माणसं म्हणजे विरार लोकलचा अर्धा डबा पण भरत नाही, आणि नंतरचे अभ्यासही बरेचसे असेच छोटे, दोन-तीन महिन्यांचे. शिवाय तो अभ्यास स्ट्रेसचा होता, पॅनिक अटॅकचा नाही, त्यामुळे ज्यांची पॅनिकसाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू आहे त्यांनी याच्या भरवशावर ती अजिबात बंद करू नका.

मी रात्री जेवल्यावर एकच घेते. झोप लवकर लागते, सकाळची धडधड कमी झालीय, पण त्याच सुमारास चहापण कमी केला सो सगळं क्रेडिट कॅप्सूलला देता येत नाही. सुरुवातीला पोट जरा जड वाटायचं.

स्टार कापले ते काउंटरवरच्या दादांमुळे. "हर्बल आहे ताई, बिनधास्त घ्या, काही होत नाही." असं कसं काही होत नाही? अश्वगंधा घेऊन लिव्हरला त्रास झाल्याच्या, कावीळ झाल्याच्या केसेस आहेत, कमी असतील पण आहेत. थायरॉइडचे हार्मोन वाढू शकतात, प्रेग्नन्सीत घ्यायची नाही, झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढते. माझ्या आईला थायरॉइडची गोळी चालू आहे, तीपण घेणार होती, मी म्हटलं आधी डॉक्टरांना विचारू.

दुकानात सुट्ट्या मुळ्या आणि चूर्णपण मिळतं, यूपीआय चालतं, संध्याकाळी उभं राहायला जागा नसते म्हणून दुपारी जा.