बालेवाडीत टेनिस बघायला येताय? फायनलचं नाही, आधीच्या रविवारचं तिकीट काढा

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याची चॅलेंजर स्पर्धा (पुरुषांच्या मुख्य व्यावसायिक दौऱ्याच्या खालच्या पायरीची) मोनॅकोच्या व्हॅलेंटिन वाशेरोने जिंकली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, क्रमवारीत २०४ वा असताना, त्याने उपांत्य फेरीत जोकोविचला हरवून शांघायचं मास्टर्स (ग्रँड स्लॅमखालोखाल मोठ्या स्पर्धेचं) विजेतेपद मिळवलं. मोठ्या स्टेडियमांत पोचण्याआधी असे खेळाडू अगदी जवळून बघायचे असतील, तर पुण्यातल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलासारखी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं. चेन्नईहून हललेली एटीपी २५० स्पर्धा (मुख्य दौऱ्यातली, विजेत्याला २५० क्रमवारी-गुण देणारी) इथे २०१८ ते २०२३ या काळात झाली, फक्त २०२१ साली खंड पडला. २०२४ आणि २०२५ मध्ये फेब्रुवारीत चॅलेंजर १०० (विजेत्याला १०० गुण) झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये महिलांच्या सांघिक बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाच्या लढतीही इथेच रंगल्या. २५० गेल्याची हळहळ अनेकांना आहे, आणि नामवंत खेळाडू कमी झाले हे खरंच. पण प्रेक्षक म्हणून चॅलेंजरचा आठवडा जास्त समृद्ध असतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र दिवस नीट निवडायला हवा.

चॅलेंजरच्या क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे पात्रता फेरीत, २४ खेळाडू असतात आणि त्यांतले ६ मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, जातात. म्हणजे पहिल्या रविवारी १२ सामने आणि सोमवारी ६. मेन ड्रॉ ३२ जणांचा, त्यामुळे सोमवार-मंगळवार मिळून एकेरीचे १६ सामने होतात. दुहेरीच्या १६ जोड्यांची पहिली फेरीही याच सुमारास सुरू होते. याउलट शनिवारी एकेरीचे दोनच सामने आणि शेवटच्या रविवारी एकच. बाहेरगावचा माणूस नेमका त्या शेवटच्या रविवारी येतो, दोन तास टेनिस बघतो आणि परत जातो. सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. नसेल मिळत, तर मुख्य स्पर्धेआधीच्या रविवारी या. त्या दिवशी हरणाऱ्याचा आठवडा बहुधा तिथेच संपतो, म्हणून प्रत्येक जण जीव तोडून खेळतो.

एखाद्याच्या नावावर मात्र प्रवास ठरवू नका. प्रवेशयादी अडीच-तीन आठवडे आधी लागते, पण नंतर ती सतत हलत राहते. चेन्नई, बंगळूर, दिल्ली आणि पुणे इथल्या स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत असतात. आधीच्या शहरात जो शेवटपर्यंत टिकतो, तो थकून माघार घेतो, नाहीतर पुण्यात मंगळवारी कोर्टवर उतरतो. दुसऱ्या दिवसाची ऑर्डर ऑफ प्ले, म्हणजे सामन्यांचा क्रम, आदल्या संध्याकाळी येते आणि बेत तिच्यावरच आखावा. तीत ‘नॉट बिफोर’ लिहिलेल्या वेळेआधी तो सामना सुरू होत नाही. बाकी सामने आधीचा संपला की लगेच सुरू होतात. आधीचा खेळाडू दुखापतीने सोडून गेला, तर तिसरा सामना तासभर लवकरही लागतो. चहाला गेलात की पहिला सेट गेलाच म्हणून समजा. प्रवेशाचे आणि बॅगेचे नियम महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या घोषणेत निघण्याआधीच वाचून घ्या.

आता बसायचं कुठे? टेनिसची कोर्टं सहसा दक्षिणोत्तर आखलेली असतात आणि फेब्रुवारीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. दुपारनंतर पूर्वेच्या स्टँडमध्ये बसलात, तर सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तीननंतर पश्चिमेची बाजू धरा. पण खरी मजा बेसलाइनच्या (कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या) मागे, थोडं उंचावर बसण्यात आहे. चेंडूला किती फिरकी आहे, तो जाळीवरून किती उंचीने जातो आणि सर्व्हिस कोणत्या कोपऱ्यात पडते, हे तिथूनच कळतं. बाजूने फक्त वेग दिसतो.

याच सूर्याचा खेळावरही परिणाम होतो. उत्तरेच्या टोकाकडून सर्व्हिस करणाऱ्याचं तोंड दक्षिणेला असतं. उजव्या हाताचा खेळाडू चेंडू किंचित उजवीकडे, म्हणजे पश्चिमेच्या अंगाला उडवतो आणि दुपारी सूर्यही तिकडेच असतो. डावखुऱ्याला हाच त्रास सकाळी होतो. त्या टोकाकडून डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणं) वाढलेले दिसले, तर लगेच दडपणाला दोष देऊ नका, आधी वर बघा.

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. जास्त उंचीसाठीचे खास चेंडू १२१९ मीटरच्या वर वापरतात, त्यामुळे इथे नेहमीचेच चेंडू असतात आणि विरळ हवेत ते चेन्नई-मुंबईपेक्षा थोडे सुसाट जातात. जोरकस सर्व्हिसवाल्यांना इथे बळ मिळतं. २०१९ च्या अंतिम सामन्यात केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच भिडले आणि तिन्ही सेट टायब्रेकवर (६-६ नंतरच्या निर्णायक गेमवर) गेले. कार्लोविच तेव्हा ३९ वर्षांचा होता. चेंडू पहिल्यांदा ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर बदलतात. नवे चेंडू आल्यावरचा सर्व्हिस गेम लक्ष देऊन बघा, कारण ते जास्त वेगाने जातात.

दुहेरी चुकवू नका. भारतीय खेळाडूंची ताकद तिथेच आहे. बालेवाडीत रोहन बोपण्णाने २०१९ मध्ये दिविज शरणबरोबर आणि २०२२ मध्ये रामकुमार रामनाथनबरोबर विजेतेपद मिळवलं होतं. ड्यूसवर (४०-४० झाल्यावर) एकच निर्णायक गुण आणि तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक, त्यामुळे सामना सहसा दीड तासाच्या आत आटोपतो.

जागेवरून उठायचं ते बाजू बदलताना. तिथे खेळाडूंना ९० सेकंद मिळतात, सेट संपल्यावर १२० सेकंद. सेटच्या पहिल्या गेमनंतर मात्र ते बसत नाहीत, त्यामुळे तेव्हा निघालात तर परतताना अडकता. सही हवी असेल तर सामन्यानंतर आणि जाड मार्करने. सरावानंतरही मिळते, पण सामन्याला निघालेल्या खेळाडूला थांबवू नये.

फेब्रुवारीत पुण्यात सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी पारा तिशीच्या पुढे जातो. बाजूच्या कोर्टांवर सावली धरून चालू नका. टोपी, सनस्क्रीन आणि तासाला अर्धा लिटर या हिशेबाने पाणी. दुर्बीण लागत नाही.

येण्याचं सोपं गणित असं, की शहरात शिरूच नका. संकुल मुंबई-बंगळूर हायवेलगत आहे. मुंबईहून बसने येणाऱ्यांनी स्वारगेट किंवा स्टेशनपर्यंत न जाता वाकडला उतरावं आणि तिथून रिक्षा करावी. कोल्हापूर-साताऱ्याकडून येणाऱ्यांनी कात्रजहून बायपासने यावं. हायवे पायी ओलांडू नका, भुयारी मार्गाने फिरून या. रेल्वेने सकाळच्या इंद्रायणीने आलात तर शिवाजीनगरला उतरा, पण विद्यापीठ चौक आणि बाणेर रस्त्यासाठी पाऊण ते एक तास हाताशी ठेवा. परतीची इंद्रायणी पुण्याहून साडेसहाच्या सुमारास सुटते, म्हणजे चारनंतरचे सामने सोडावे लागतात. मुक्काम केलेला बरा.

मुक्कामाला बाणेर, बालेवाडी किंवा वाकड. डेक्कनला उतरलात तर रोजचे दोन तास रस्त्यावर जातील. हिंजवडीच्या कंपन्यांमुळे या भागात आठवड्याच्या मधल्या दिवशी खोल्या लवकर भरतात, म्हणून मंगळवारसाठी आधीच नोंदवा. जेवायला बालेवाडी हाय स्ट्रीट जवळ आहे, पण खिशाला जड. पोटभर थाळी किंवा डोसा हवा असेल तर बाणेर रस्त्यावर या.

साडेपाच ते साडेआठ या वेळात हिंजवडीकडून वाकड पुलाकडे येणारी वाहतूक तुंबते, म्हणून संध्याकाळचा शेवटचा सामना संपेपर्यंत बसून राहिलात तरी काही बिघडत नाही. फायनलच्या रविवारी मुंबईला परतणाऱ्यांची गोष्ट वेगळी. लोणावळ्याची गर्दी त्याच वेळी घाटात उतरते. एकतर बक्षीस समारंभाला न थांबता निघा, नाहीतर जेवून रात्री दहानंतर.