पंप आणि गवत कापायची मशीन, एका पावसाळ्यानंतर

आमची सोसायटी सायनला, पार्किंग रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट खाली, म्हणजे भरती आणि धो धो पाऊस एका वेळी आला की गाड्यांची चाकं पाण्यात. मे महिन्यात नागदेवी स्ट्रीटवरून दोन वस्तू आणल्या, दोन इंची पेट्रोल पंप आणि मागचं गवत कापायला ब्रश कटर. आणायला मी गेलो म्हणून चालवायलाही मीच. आता नोव्हेंबर उजाडला, लिहून टाकतो एकदाचं.

कटर टू स्ट्रोक, 52 सीसी. ज्यांच्या घरी जुनी चेतक होती, तिरकी करून किक मारायची ती, त्यांना यात नवीन काही नाही, पेट्रोलसोबत टूटी (2T, टू स्ट्रोकचं) ऑइल टाकायचंच. कारण याला ऑइलची वेगळी जागाच नसते. पेट्रोल-हवा आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) डब्यात खेचली जाते, तिथून वर सिलेंडरमध्ये, मग ऑइल त्या पेट्रोलमध्येच असेल तरच बेअरिंगला आणि पिस्टनला मिळणार. व्हॉल्व नाहीत, पिस्टनच वरखाली होताना सिलेंडरची भोकं उघडतो-झाकतो. क्रँकच्या दर फेरीला एक स्फोट, त्यामुळे एवढंसं इंजिन खांद्याला अडकवून पण दणकून जोर देतं आणि तिरकं-आडवं कसंही धरा, चालतं. पण थोडं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून तसंच निघून जातं. मग धूर, वास आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींचा खिडकीतून आरडाओरडा.

जुलैमध्ये मी गावी होतो, वॉचमनकाकांनी पंपाच्या कॅनमधलं साधं पेट्रोल कटरमध्ये ओतलं. वीसेक मिनिटं चालला म्हणे, मग किंचाळल्यासारखा आवाज आणि बंद. आल्यावर दोरी ओढली तर हलेचना. गॅरेजवाल्याने सायलेन्सर खोलून भोकातून टॉर्च मारला, पिस्टनवर उभे ओरखडे, मांजराने नखं मारल्यासारखे. पिस्टन-सिलेंडर दोन्ही बदलावे लागले. काकांना काय बोलणार, दोन्ही कॅन सारखेच पांढरे. आता कटरच्या कॅनला लाल रिबीन बांधलीय, आणि लिटरला 40 मिली ऑइल, म्हणजे खोकल्याच्या औषधाची 10 मिलीची चार टोपणं.

पंप फोर स्ट्रोक. खेचणं, दाबणं, स्फोट, धूर बाहेर, यात क्रँकच्या दोन फेऱ्या जातात, व्हॉल्व वेगळे, ऑइल खाली वेगळं, पेट्रोल साधंच. आवाज त्या मानाने शांत आणि पेट्रोलही जपून खातो. पण याचा नखरा ऑगस्टमध्ये कळला. रात्री अडीचला पाणी चढायला लागलं, पंप रॅम्पवर ठेवला, दोरी ओढून ओढून खांदा गेला, प्लग काढून पुसला, तरी ढिम्म. मग डोक्यात प्रकाश पडला की याला लो ऑइल सेन्सर आहे, उतारावर ऑइल एका बाजूला गेलं की त्याला वाटतं ऑइल संपलं आणि तो स्पार्कच तोडतो. चार विटा लावून सपाट केला, दुसऱ्या झटक्यात सुरू! (आधी पंपात बादलीभर पाणी ओतायचं हां, कोरडा फिरवला तर सील जळतं.) कोणी म्हणालं, आत पार्किंगमध्येच ठेवा ना, पाइप कमी लागेल. अजिबात नाही. बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

तिसरी डोकेदुखी पेट्रोलचीच. हल्ली त्यात 20 टक्के इथेनॉल, ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओल सोडून दुसरं असतं काय. पंप तीन आठवडे नुसता ठेवला आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, तुंबला. आता काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालू ठेवतो, त्यानंतर त्रास नाही.

जाता जाता, डासांच्या धुराची ती भोंगावाली मशीन असते ना, तीपण पेट्रोलवरच, पण बऱ्याच मशीनमध्ये पिस्टनच नसतो! नुसत्या नळीत सेकंदाला कितीतरी छोटे स्फोट, म्हणून ती तशी फडफडते.

पुढचा कटर चार्जिंगवाला घ्या म्हणतायत आजी, मला चालेल. पंप मात्र फोर स्ट्रोकच. आणि त्या चार विटा केबिनमागे ठेवल्यात, कुंड्यांखाली लावायला कोणी उचलू नका.