सवाई, काळा घोडा की कोकणातली जत्रा? मित्रमंडळींच्या वीकेंडसाठी

थंडी पडायला लागली की प्रत्येक ग्रुपवर 'यंदा भेटायचंच' सुरू होतं आणि गाडी शेवटी लोणावळ्याच्या बंगल्यावर येऊन थांबते. बंगला, पत्ते, बार्बेक्यू याला माझी ना नाही. पण याच महिन्यांत भेटीला निमित्त आणि डोळ्या-कानांना काम देणारे सोहळेही असतात. त्यातले तीन इथे समोरासमोर ठेवतो. पैसे आणि अंतर तुम्ही बघालच. त्याआधी एक ठरवून टाका: भेटल्यावर एकमेकांशी बोलायचंय किती?

कमी बोलून चालणार असेल तर पुण्याचा सवाई. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव आता 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव' म्हणून डिसेंबरात मुकुंदनगरला भरतो. पूर्वी रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्र रात्र चालणाऱ्या मैफली ध्वनिवर्धकाच्या नियमाने संपल्या. आता दुपारी सुरू होऊन रात्री दहाला आवरतं घेतात, शनिवारी बहुधा बारापर्यंत सूट मिळते. म्हणून एकच दिवस जमणार असेल तर शनिवार धरा.

तिकीट खुर्चीचं की भारतीय बैठकीचं, यावर ग्रुपमध्ये वाद होणारच. गुडघे साथ देत असतील तर बैठकच घ्या. स्वस्त पडते आणि लवकर पोचून चादर अंथरली की सहा जण एका जागी बसता. गप्पांचं मात्र जमत नाही. आलाप चालू असताना कुजबुजलात तर पुढच्या रांगेतल्या आजी मान वळवून असं बघतात की पुढचा तासभर तोंड उघडायची हिंमत होत नाही. गप्पा बाहेर, खाण्याच्या स्टॉलवर. तिथेही गाणं ऐकू येत असतं, त्यामुळे भजी खाता खाता कोणी तरी 'थांब, तान ऐक' म्हणतोच. ज्याला विलंबित ख्यालाचा कंटाळा येतो त्या मित्राला दोस्तीखातर ओढून नेऊ नका. तो सारखं घड्याळ बघेल आणि तुमचंही लक्ष उडवेल.

काळा घोडा याच्या अगदी उलट. दक्षिण मुंबईत १९९९ पासून भरणारा हा कलामहोत्सव जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस चालतो, म्हणजे दोन शनिवार-रविवार हाताशी. प्रवेश फुकट. कोणी उशिरा आलं, कोणी मुलांना घेऊन लवकर निघालं, कोणाचं काही अडत नाही. पण शनिवारी संध्याकाळी रॅम्पार्ट रोवर पाय ठेवायला जागा नसते. मांडलेल्या कलाकृतींपुढे फोटोसाठी रांगा, मोबाइलला धड रेंज नाही, आणि 'कुठे आहेस?' करण्यात निम्मी संध्याकाळ जाते. आठ-दहा जणांचा ग्रुप तिथे एकत्र राहूच शकत नाही, हे गृहीत धरा.

माझ्या मते तिथला खरा ऐवज रस्त्यावरच्या मांडणीत नसून आजूबाजूच्या इमारतींत आहे. वारसा फेरीची नोंदणी आधी करा, जागा पटापट भरतात. नाही मिळाली तर सकाळी गर्दीआधी आपले आपण फिरा. १८८४ चं निळं सिनेगॉग, डेव्हिड ससून वाचनालय, आणि एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच ठिकाणी. ज्याच्यावरून नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला. तो आता राणीच्या बागेत आहे. सध्या चौकात दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ चा. एवढं बघून झालं की इराणी हॉटेल गाठा. गप्पा तिथेच होतील.

आता जत्रा. कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात आणि पुढे कित्येक महिने गावोगाव चालतात. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमाराला सावंतवाडीजवळची सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणांची जत्रा प्रसिद्ध आहे. आंगणेवाडीच्या भराडी देवीचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण मित्रांबरोबर निवांत रात्र काढायची तर ती निवडू नका. लाखोंची गर्दी, दर्शनाच्या रांगा आणि पुढाऱ्यांचे ताफे. लहान गावाची जत्रा बघा, जिथे खाजाची चार दुकानं आणि देवळापुढे दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं लोकनाटक असेल.

रात्री पालखी फिरून आली की नाटक उभं राहतं. नेपथ्य म्हणजे एक बाक आणि मागे पडदा. पायपेटी, मृदंग, झांज. आधी गणपती, मग काळ्या कपड्यांतला, लांब लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो आणि मालवणीत गावातल्यांची फिरकी घेतो. मग आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. रामायण-महाभारतातला प्रसंग ठरतो आणि नट रंगमंचावरच बोलणं रचत जातात. रंगायच्या जागेत डोकावू दिलं तर जरूर डोकावा. छोट्या आरशापुढे मिशा उतरवलेला माणूस स्वतःच्या हाताने स्वतःला द्रौपदी करत असतो, आणि पदर सारखा केला की त्याचं बसणंसुद्धा बदलतं. पहाटे दहीकाला होऊनच सगळं संपतं. इथे बोलायला मोकळीक आहे. कंटाळा आला की उठून चहा, परत येऊन पुढचं युद्ध. कोणी डोळे वटारत नाही.

अडचणीही ऐका. तारीख तिथीवर ठरते, शनिवार बघून नाही. राहायची सोय कुडाळ किंवा सावंतवाडीला करावी लागते, रात्री परतायला स्वतःची गाडी हवी आणि स्वच्छतागृहाची बोंब असते. वयस्कर आई-वडील किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर हा बेत नकोच.

मला विचाराल तर: मुलंबाळं असलेला, मुंबईत विखुरलेला ग्रुप असेल तर काळा घोडा, तोही सकाळी. सगळे गाण्यातले असाल, तरच सवाई. आणि कॉलेजनंतर एकत्र रात्र जागवलेली नसेल तर डोळे मिटून जत्रा. फक्त तारीख आधी गावातल्या माणसाकडून पक्की करा, कोकणकन्येचं तिकीट साठ दिवस आधी बुकिंग उघडताच काढा, आणि जागरणानंतरच्या दिवसाची रजा टाकून ठेवा.